नवी नोकरी, घर आणि कुत्र्याची ॲजिलिटी: इंदूरच्या नवशिक्यांसाठी

कुत्र्याला ॲजिलिटी शिकवायला घेतली आणि नेमकी त्याच वर्षी नोकरी बदलायची वेळ आली, असं माझं झालं. मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते. घरात नवरा, सातवीतला मुलगा, सासूबाई आणि चिंगी. चिंगी देशी कुत्री, चार वर्षांची, खांद्यापाशी 46 सेंटिमीटर उंच, एक कान उभा आणि एक पडलेला. बारा वर्षं मी पिथमपूरला औषधांच्या कारखान्यात क्वालिटीत काढली आणि गेल्या वर्षी विजयनगरच्या एका ऑफिसात आले. त्या काळात काही गोष्टी छान जमल्या. एक मोठी चूक झाली आणि ती चिंगीच्या पायावर बेतली.

आता ओळखीतल्या दोघी-तिघी याच वळणावर आहेत आणि फोनवर तेच तेच विचारतात, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहिते. एक गोष्ट आत्ताच सांगते, कारण बाकी सगळं तिच्याभोवती फिरतं. नव्या नोकरीत रुजू झाल्यापासून तीन महिने स्पर्धेत उतरू नका, आणि त्याच तीन महिन्यांत घरातला दहा मिनिटांचा सराव सोडू नका. बहुतेकांचं उलटं होतं. सराव सुटतो आणि पैसे भरलेत म्हणून स्पर्धा मात्र केली जाते.

आधी खेळ समजून घ्या

ॲजिलिटी म्हणजे अडथळ्यांची शर्यत. 1978 साली लंडनच्या क्रफ्ट्स डॉग शोमध्ये मधला वेळ भरून काढायला, घोड्यांच्या शो जंपिंगवरून सुचलेला हा खेळ पहिल्यांदा लोकांसमोर आला. आज एफसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनी तो कितीतरी देशांत खेळला जातो.

रिंगणात 15 ते 22 अडथळे असतात आणि त्यांना क्रमांक दिलेले असतात. बारवरच्या उड्या, टनेल म्हणजे बोगदा, टायर, लांब उडी, 60 सेंटिमीटरच्या अंतराने रोवलेले 12 वीव्ह पोल, म्हणजे ज्यांच्यामधून कुत्र्याने नागमोडी जायचं ते खांब, आणि चढून उतरायचे तीन: ए-फ्रेम (दोन्ही बाजूंनी उतार असलेली तिरपी फळी), डॉगवॉक (उंचावरची अरुंद फळी), सीसॉ (वरखाली होणारी फळी). या तिघांच्या टोकांना वेगळ्या रंगाचा पट्टा असतो. उतरताना त्या पट्ट्यावर निदान एक पंजा टेकला पाहिजे. कुत्रा वरूनच उडी मारून मोकळा झाला तर 5 दोष. बार पडला, 5 दोष. अडथळ्यासमोर थांबला किंवा बाजूने निघून गेला तर तो नकार, त्याचेही 5, आणि तिसऱ्या नकाराला बाद. वीव्ह पोलमध्ये शिरताना पहिला खांब कुत्र्याच्या डाव्या खांद्याशी यायला हवा. रिंगणात हातात खाऊ नाही, खेळणं नाही. फक्त तुमचा आवाज आणि तुमचं अंग. ही शेवटची अट नवशिक्यांना सगळ्यात जड जाते, तिच्याकडे पुढे येईनच.

एफसीआयच्या स्पर्धेसाठी कुत्र्याचं वय किमान 18 महिने लागतं. उंचीचे गट 2023 पासून चार झाले. 43 ते 48 सेंटिमीटरचा मधला गट तेव्हा नवा आला आणि त्यात बार 45 ते 50 सेंटिमीटरवर असतो. चिंगी आधीच्या पद्धतीने मोठ्या गटात गेली असती, म्हणजे 55 ते 60 च्या उड्या. दहा सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण तिच्या खांद्यांसाठी तो रोजचा फरक आहे. आपल्याकडचे आयोजक कधी कधी आपापले गट ठेवतात, म्हणून पैसे भरण्याआधी नियमपत्रक मागवून घ्या आणि स्वतः वाचा.

पायरी पहिली: राजीनाम्याआधी घरात बोला

आमच्याकडे हे बोलणं एका रविवारी पोहे-जिलबी खाताना झालं. मी उत्साहाने सांगत होते की नवीन ऑफिस जवळ आहे, शनिवार सुट्टी आहे, आता चिंगीला खरं शिकवता येईल. सासूबाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुझी नोकरी झाली, तुझी चिंगी झाली. माझ्या गुडघ्यांना मंगळवारी कोण नेणार?"

त्या चुकीचं काही बोलल्या नव्हत्या. मी उठले, भिंतीवरचं कालनिर्णय काढून टेबलावर ठेवलं. आधी आईंच्या फिजिओथेरपीचे मंगळवार लिहिले. मग मुलाच्या चाचण्या आणि वार्षिक परीक्षा, मग नवऱ्याचे भोपाळचे दौरे, मग घरातली लग्नं-मुंजी, गणपती, दिवाळी. हे सगळं निळ्या पेनाने. उरलेल्या जागेत लाल पेनाने स्पर्धा. वर्षभरात चार शनिवार-रविवार मोकळे निघाले. त्यातले दोन मी घेतले आणि दोन तसेच सोडले, कारण घरात ताप, पाहुणे आणि पाण्याची मोटर बिघडणं यांची तारीख आधी कळत नाही.

क्रम असाच ठेवा. आधी स्पर्धा लिहून मग घर बसवायला गेलात तर प्रत्येक वेळी घराला सरकावं लागतं, आणि मग कुत्र्याबद्दल घरात राग साठत जातो. कुत्र्याचा त्यात काहीच दोष नसतो.

कामं वाटताना "सगळे मिळून बघू" असं ठेवू नका, कामावर नाव घाला. सकाळचा फेरफटका नवऱ्याकडे. रविवारी बार लावणं, उंची मोजणं आणि मोबाइलवर चित्रण मुलाकडे. तो बारची उंची फूटपट्टीने मोजून वहीत लिहितो आणि त्यात कोणी ढवळाढवळ केलेली त्याला चालत नाही. दुपारी एक वाजता अंगणाचं दार उघडणं आईंकडे. त्यांची एकच अट होती: स्वयंपाकघरात आणि देवघरात चिंगी येणार नाही. ती अट आम्ही मनापासून पाळली आणि तिचा आम्हाला फार फायदा झाला, तो पुढे सांगते.

पायरी दुसरी: ऑफर हातात आल्यावर काय विचारायचं

पगाराचं सगळेच विचारतात. तुम्ही वेळेचं विचारा. शनिवार खरोखर सुट्टी असतो की महिनाअखेरीला बोलावतात? प्रोबेशनमध्ये रजा मिळते का, किती? संध्याकाळी उशिरा परदेशातल्या लोकांशी कॉल असतात का? घरापासून ऑफिसला साडेनऊच्या गर्दीत किती वेळ लागतो, हे कोणाला विचारू नका. एका कामाच्या दिवशी स्वतः जाऊन बघा. मी गेले. लोकमान्य नगर ते विजयनगर, पाऊण तास. पिथमपूरच्या बसपेक्षा रोजचा जवळजवळ दीड तास वाचणार होता, आणि त्यातली वीस मिनिटं चिंगीची, असं मी तिथेच ठरवलं. सगळाच वेळ तिला दिला असता तर मुलाच्या गणिताला काय उरलं असतं?

ठरलेल्या तारखा सही करण्याआधीच सांगून टाका. मी सरळ म्हटलं, "वर्षातून दोन शुक्रवार मला लागतील, कुत्र्याच्या खेळाची स्पर्धा बाहेरगावी असते." समोरच्या बाईंना नवल वाटलं, पण त्यांनी ते लिहून घेतलं. आधी सांगितलेली रजा मागताना मान खाली घालावी लागत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: जुन्या कंपनीचा गट आरोग्य विमा बहुधा शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो आणि नव्याचा रुजू झाल्यावर सुरू होतो. घरात सासू-सासरे असतील तर मधल्या दिवसांची सोय करा. पीएफ काढू नका, नव्या खात्यात वळवा. सलग पाच वर्षं भरत आली असतील तर ग्रॅच्युइटीचा हिशोब बघूनच शेवटची तारीख द्या.

नोटीसचा काळ, माझा दोन महिन्यांचा होता, तो कुत्र्यासाठी सोन्यासारखा असतो. कुत्र्याला तुमच्या नोकरीचं काही देणंघेणं नाही, पण तुमच्या जाण्यायेण्याची वेळ त्याच्या पोटात बसलेली असते. ती एका सोमवारी अचानक बदलली की चप्पल कुरतडणं, दाराशी रडणं, जेवण सोडणं असे प्रकार सुरू होतात. म्हणून शेवटच्या महिन्यात दर तीन-चार दिवसांनी फिरण्याची आणि जेवणाची वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी नव्या वेळापत्रकाकडे सरकवा. आम्ही तसं केलं आणि रुजू झाले त्या दिवशी चिंगी दारापर्यंत आली, शेपूट हलवली आणि पायपुसण्यावर झोपून गेली. दोन नोकऱ्यांमध्ये आठ-दहा दिवस मिळत असतील तर जरूर घ्या, पण ते घरच्यांना द्या. आम्ही महेश्वरला गेलो, घाटावर बसून राहिलो.

पायरी तिसरी: कुत्र्याची तपासणी

उड्या सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे नेऊन सांधे, हृदय, नखं, दात आणि वजन बघून घ्या. महूला 1955 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदूरकरांना ते जवळ पडतं. वजनाची घरगुती खूण अशी: हात फिरवल्यावर फासळ्या सहज लागल्या पाहिजेत आणि वरून बघितल्यावर कंबर दिसली पाहिजे. जाड कुत्र्याला उडी मारायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि लाडाने पोळी-तूप घालणाऱ्या घरांत हे मी वारंवार बघते.

वाढत्या पिल्लाच्या हाडांची टोकं साधारण बारा ते अठरा महिन्यांपर्यंत कच्ची असतात. तोपर्यंत बार जमिनीवर किंवा कोपराच्या खाली. रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाचं वय माहीत नसेल तर डॉक्टर दातांवरून अंदाज देतात. आणि हो, देशी कुत्रा चालतो का असं विचारू नका. हलकं अंग, घट्ट पंजे आणि वळण्याची चपळाई देशी कुत्र्यात उपजत असते.

पायरी चौथी: घरातली दहा मिनिटं

हा भाग नीट वाचा, कारण नोकरीच्या धावपळीत हाच तुम्हाला तारून नेणार आहे. नवशिक्यांना वाटतं की मैदान नाही, अडथळे नाहीत, तर सराव कसला? प्रत्यक्षात अर्ध्याहून जास्त ॲजिलिटी घरात होते. दहा मिनिटं सलगसुद्धा नकोत. तीन-तीन मिनिटांचे तीन तुकडे करा: एक चहा उकळताना, एक ऑफिसातून आल्यावर, एक रात्री. मोबाइलवर घंटा लावा आणि कुत्र्याला आणखी हवं असतानाच थांबा.

पहिलं, उंबरठा. आईंच्या अटीमुळे चिंगीला स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर "थांब" शिकवावं लागलं. आधी एक सेकंद, मग पाच, मग आई आत पोळ्या लाटत असताना. फोडणीचा वास येतोय, पोळी तव्यावर फुगलीय, आणि चिंगी उंबऱ्याबाहेर पुढचे पाय जुळवून बसलेली. मग मी आत जायचे, ओट्यापर्यंत, खिडकीपर्यंत, पाठ करून उभी राहायचे, आणि तिथून "ये" म्हटलं की ती उंबरा ओलांडून नाही, तर बाहेरून वळसा घालून मागच्या दाराशी यायची आणि तिथेच बाहेर थांबायची. स्पर्धेत कुत्र्याला सुरुवातीच्या रेषेवर बसवून तुम्हाला दोन-तीन अडथळे पुढे जाऊन उभं राहता आलं, तर अर्धी शर्यत तिथेच सोपी होते. चिंगी त्या रेषेवर कधी सुटली नाही. तिच्या लेखी तो आईंचा उंबरठा होता.

दुसरं, श्रीखंडाच्या डब्याचं झाकण. डॉगवॉकवरून उतरताना रंगीत पट्टा चुकू नये म्हणून कुत्र्याला एक ठरावीक पवित्रा शिकवतात: मागचे दोन पाय फळीवर, पुढचे दोन जमिनीवर, आणि थांबायचं. याला सगळे टू ऑन टू ऑफ म्हणतात. आम्ही तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर शिकवला. पायरीपासून एका विटेच्या अंतरावर जमिनीवर पांढरं झाकण चिकटवलं. चिंगी पायरी उतरली, नाक झाकणाला लावलं, मागचे पाय पायरीवर राहिले, की लगेच "हो!" आणि खाऊ. खाऊ नेहमी झाकणाजवळ, खाली द्यायचा. हातातून वर दिला की तिचं डोकं वर येतं आणि मागचा पाय निसटतो. हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं, मुलाने काढलेलं चित्रण बघून. पुढे झाकण कापून लहान लहान करत गेलो, रुपयाएवढं झालं, मग काढून टाकलं. पवित्रा तसाच राहिला.

तिसरं, पाट. कुत्र्याला पुढच्या पायांचं भान असतं, मागचे पाय नुसते मागून येतात. जेवायचा लाकडी पाट घ्या, पुढचे दोन पंजे त्यावर ठेवायला शिकवा, आणि तुम्ही त्याच्याभोवती हळूहळू फिरा म्हणजे तो मागच्या पायांनी गोल सरकेल. दोन्ही दिशांना. बांबूची शिडी जमिनीवर आडवी टाकून तिच्या पायऱ्यांमधून सावकाश चालवणं हाही त्यातलाच व्यायाम.

चौथं, दोन बादल्या. गच्चीवर दोन बादल्या पाच-सहा पावलांवर ठेवा आणि कुत्र्याला त्यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवा. उडी नाही, नुसतं चालणं आणि हलकं पळणं. यात तुमचा सराव जास्त होतो: कुत्र्यासमोरून तोंड त्याच्याकडे ठेवून बाजू बदलणं म्हणजे फ्रंट क्रॉस, त्याच्या मागून बाजू बदलणं म्हणजे रिअर क्रॉस. कुत्रा तुमच्या बोटाकडे कमी आणि खांद्याकडे, पायाच्या चवड्याकडे जास्त बघतो. चवडा चुकीच्या अडथळ्याकडे वळला की कुत्रा तिकडेच जातो, आणि तो बरोबर असतो.

खाऊ म्हणून पनीरचे वाटाण्याएवढे तुकडे, उकडलेलं रताळं किंवा लाल भोपळा. आमच्या घरात मांस शिजत नाही आणि चिंगीचं त्यावाचून काही अडलं नाही. कांदा, लसूण, मनुका, बेदाणे, चॉकलेट हे कुत्र्याला विषासारखं आहे. पोह्यांतला कांदा आणि प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे, या दोन्हींवर घरातल्या मुलांना आणि पाहुण्यांना आधीच ताकीद देऊन ठेवा. आणि पहिल्या महिन्यापासूनच खाऊचा डबा अंगावर न ठेवता दारामागे ठेवण्याची सवय करा. काम झालं की दोघांनी पळत डब्याकडे जायचं. रिंगणातला रिकामा हात मग कुत्र्याला परका वाटत नाही.

पायरी पाचवी: साहित्य आणि जागा

उडीचे खांब मी सियागंजातून एक इंची पीव्हीसी पाइप, टी आणि एल्बो आणून घरी बनवले. बार सव्वा मीटरचा पुरतो. तो स्क्रूने कधीच पक्का करू नका, पाय लागला की पडलाच पाहिजे. वीव्ह पोलसाठी आधी सहाच खांब घ्या. मुलांच्या खेळण्यातला कापडी बोगदा ओळख करून द्यायला चालतो, पण दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावा, नाहीतर कुत्रा आत असताना तो गडगडतो आणि मग वर्षभर कुत्रा त्याच्या जवळ जात नाही. उंच डॉगवॉक घरी बनवायच्या फंदात पडू नका. 30 सेंटिमीटर रुंद फळी दोन विटांवर ठेवा, सुरुवातीला तेवढंच पुरे.

जागेबाबत माळव्याची काळी माती लक्षात घ्या. ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी तिच्यासारखी सुंदर जमीन नाही, मऊ आणि पकड देणारी. एप्रिल-मेमध्ये तिला भेगा पडतात, पळत्या कुत्र्याचा पंजा त्यात अडकून पाय मुरगळतो. पावसाळ्यात तीच माती पंजाला किलोभर चिकटते आणि घसरवते. सरावाआधी जमीन स्वतः चालून बघा, भेगा वाळूने भरा. फरशीवर, सिमेंटवर, गच्चीवर उडी अजिबात नको. आम्हाला राऊजवळ नातेवाइकांचा मोकळा प्लॉट मिळाला. साधारण बारा मीटर बाय वीस मीटर जागा असली की चार-पाच अडथळ्यांचा तुकडा नीट बसतो. सार्वजनिक बागेत जात असाल तर पट्टा आणि शी उचलायची पिशवी हातात हवीच. स्वच्छतेसाठी एवढं नाव मिळवलेल्या शहरात आपल्यामुळे कोणाला बोलायला जागा राहू नये.

पायरी सहावी: पहिले तीन महिने

आता माझी चूक. स्पर्धेचे पैसे नोकरी बदलायचं ठरण्याआधीच भरले होते. रुजू झाल्यावर पाच आठवडे मी रात्री आठला घरी येत होते, नवीन सॉफ्टवेअर शिकत होते, आणि झाकण, पाट, बादल्या सगळं कोपऱ्यात पडलं होतं. चिंगी फक्त फिरायला जात होती. तरी आम्ही गेलो. पहिल्या फेरीत ती आनंदाने पळाली. दुसऱ्या फेरीत डॉगवॉकवर तिचा मागचा पाय मध्यावर घसरला, ती आडवी खाली आली, उठली, आणि लंगडत माझ्याकडे आली. आली तेव्हा शेपूट हलत होती. ते मला अजून आठवतं.

मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू ताणला गेला होता. या खेळातल्या कुत्र्यांना खांदा आणि हा स्नायू, दोन्ही दुखापती बऱ्याचदा होतात. सहा आठवडे पट्ट्यावरचंच फिरणं, जिना बंद, उडी बंद. त्याच आठवड्यात ऑफिसात माझं पहिलं मूल्यमापन होतं आणि मी तिथे बसून चिंगीच्या पायाचा विचार करत होते. दोन्हीकडे मी अर्धीच होते.

त्यावरून आता जे पाळते ते असं. ऑफर स्वीकारली की रुजू झाल्यापासूनच्या तीन महिन्यांतल्या स्पर्धा रद्द, भरलेले पैसे गेले तरी. मैदानावरचा सराव आठवड्यातून एकदाच, बार निम्म्या उंचीवर. घरातली दहा मिनिटं मात्र रोज, सोमवार सोडून. सोमवार चिंगीचा विश्रांतीचा. शनिवार पूर्ण घरचा, त्या दिवशी पाइपांना हात लावायचा नाही. ज्या दिवशी तुम्ही चिडून घरी येता त्या दिवशी सराव नको, पाट मुलाच्या हातात द्या. कुत्र्याला तुमचा आवाज बदललेला आधी कळतो आणि ते अडथळ्यालाच घाबरायला लागतं.

तीन महिन्यांनंतर उंची आठवड्याला पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढवू नका. पूर्ण उंचीच्या उड्या आठवड्यातून एका दिवसापुरत्या. दर सरावाआधी पाच-सात मिनिटं चालणं, हलकं पळणं, दोन्ही बाजूंना गोल फिरणं. जेवण आणि सराव यांत निदान दोन तासांचं अंतर.

ऋतू आणि सण

उन्हाळ्यात सूर्योदयाच्या सुमारास तासभर, नाहीतर रात्री. माळव्याच्या रात्री दिवसापेक्षा पुष्कळ सुसह्य असतात. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवता आली नाही तर कुत्र्याला त्यावरून नेऊ नका. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. जोराची धाप, गडद लाल हिरड्या, लडखडणं दिसलं आणि ताप 104 च्या वर गेला तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, साधं पाणी पोटावर, जांघेत, पंजांवर ओता, वारा घाला आणि लगेच डॉक्टर गाठा. पावसाळ्यात गोचीड-ताप जास्त असतो, रोज रात्री कानांच्या मागे आणि बोटांच्या मध्ये बघायचं.

रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक निघते, दिवाळीत फटाके. ते दिवस सरावाचे नाहीत. खिडक्या बंद, पंखा मोठा, चिंगी आतल्या खोलीत आणि घरातलं एक माणूस तिच्याजवळ. गणपतीच्या दहा दिवसांत घरात माणसांची ये-जा असते. तेव्हा मी फक्त उंबरठ्याचा सराव घेते, आणि गर्दीत थांबणं शिकवायला त्याहून चांगले दिवस मिळत नाहीत.

पहिली स्पर्धा

आम्हाला बहुतेक वेळा बाहेरगावीच जावं लागतं. गाडीने मुंबईकडे जायचं तर आग्रा-मुंबई रस्ता सरळ आहे, दर दोन तासांनी थांबा. रेल्वेत कुत्र्याला फर्स्ट एसीत तेव्हाच नेता येतं जेव्हा दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थचा केबिन पूर्ण तुमच्या नावावर असतो. नाहीतर गार्डच्या डब्यातली कुत्र्याची पेटी, आणि ती मी कधी घेणार नाही. लसीकरणाची वही आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र बरोबर हवं. पिशवीत घरचं पाणी, तिची चादर, पंजा कापला तर बांधायला पट्टी, आणि पाट. हो, पाट. परक्या मैदानावर चिंगी त्यावर पंजे ठेवते आणि तिचं मन जागेवर येतं.

शर्यतीआधी काही मिनिटं कुत्र्याशिवाय रिंगण चालून बघायला मिळतं. पहिल्या फेरीत क्रमांक पाठ करा, दुसऱ्या फेरीत कुठे बाजू बदलायची ते ठरवा, तिसऱ्यांदा पळत जा, तोंडाने कुत्र्याला द्यायच्या आज्ञा म्हणत. लोक बघतात, बघू द्या. पहिल्या स्पर्धेत तुमचं लक्ष्य एकच ठेवा: सुरुवातीच्या रेषेवर कुत्रा थांबला आणि शेवटचा अडथळा पार करून तुमच्याकडे आला. मधले दोष मुलगा वहीत लिहील.

दुखापतीतून बरी झाल्यावर चिंगीने जी पहिली फेरी पळाली तिच्यात दोन बार पडले आणि एक नकार आला, पंधरा दोष. डॉगवॉकच्या टोकाला मात्र मागचे दोन पाय फळीवर, पुढचे दोन गवतावर, आणि नाक खाली, जिथे कधीकाळी श्रीखंडाचं झाकण असायचं. मी पळत पुढे गेले होते, तरी ती "हो" ऐकल्याशिवाय हलली नाही.

रात्री घरी फोन लावला तेव्हा आईंनी आधी चिंगी लंगडत तर नाही ना, हे विचारलं. परतल्यावर मांड्या आणि खांदे हाताने दाबून बघा, पंजे धुवा, बोटांमधलं गवताचं कुसळ काढा. रविवारी स्पर्धा झाली तर सोमवार-मंगळवार फक्त सावकाश फिरणं. सोमवारी मी साडेनऊला ऑफिसात होते, आणि मंगळवारी आईंना गुडघ्यांसाठी नेलं.